खवट

वहिनीचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. एका रिपोर्टचा फोटो होता. त्यावर तीन ओळी आणि तिन्हींपुढे लाल बाण. मॅलॉनडायअल्डिहाइड वर, ग्लुटाथायोन खाली, टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी खाली. फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'तू गणपतीत म्हणाली होतीस तेच निघालं बघ.' पुढे हात जोडलेला इमोजी.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर असले बाण बघते. बाण म्हणजे आजार नव्हे, हे मी फोनवर अनोळखी लोकांना दिवसातून चारदा तरी समजावते. पण हा रिपोर्ट माझ्या भाच्याचा होता. सोहम, वय आठ, इयत्ता तिसरी, सांगली. मी अंथरुणावर उठून बसले. आपण गणपतीत नक्की काय बोललो होतो, ते आठवायला लागले.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांतच दादा-वहिनीला शाळेत बोलावलं होतं. सोहम बाकावर बसत नाही. बसला तर बाक हलवतो. बाईंचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतो आणि ते उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं असतं. चार महिन्यांत तीन पाण्याच्या बाटल्या आणि एक बूट (एकच बूट, हे कसं जमतं ते विचारू नका) हरवला होता. मुलांच्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी एक फॉर्म घरच्यांना दिला, एक वर्गशिक्षिकेला. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं, चळवळेपणा आणि उतावीळपणाची नऊ. एका गटातली किमान सहा, सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी दिसलेली, आणि घर-शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी. सोहमची दोन्ही गटांत भरली. एडीएचडी. डॉक्टरांनी मेथिलफेनिडेट सुचवलं आणि आईवडिलांसाठी काही सत्रं.

घरात दोन तट पडले, म्हणजे खरं तर एकच पडला. बाबा म्हणाले, "वांड आहे, दुसरं काय. आमच्या वेळी याला एक धपाटा हे औषध होतं." आईने भिजवलेले बदाम पाचाचे दहा केले आणि ब्राह्मीचं तेल आणलं. दादा काहीच बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये गेली. वहिनीने इंटरनेटवर औषधाबद्दल वाचलं. मेंदूवर काम करतं, भूक मारतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. एवढ्यावर ती घाबरली.

मग गणपती आले. दुपारच्या पंगतीत सोहम तिसऱ्यांदा उठून पळाला, कोणीतरी वहिनीला ऐकवलं, "तू नोकरी करतेस, पोराला वेळ कुठे मिळतो", आणि मला तिची बाजू घ्यायची होती. म्हणून मी म्हणाले, "तसं नसतं हो. या मुलांच्या शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त असतो, त्यावर पेपर्स आहेत." पंगत गप्प झाली. मला बरं वाटलं.

पेपर्स मी वाचले नव्हते. सांगलीला येताना एसटीत मोबाईलवर दोन गोषवारे वाचले होते, तेही कराडच्या पुढे रेंज गेली तोवर.

*

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ साली रुळवला. पण त्यातला एक भाग आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. शेंगदाण्याचं कूट डब्यात महिनाभर राहिलं की त्याला वास येतो. आई झाकण उघडते, नाक आत घालते आणि म्हणते, 'खवट झालं.' तेलातल्या चरबीच्या एका रेणूकडून ऑक्सिजनचं एखादं आडदांड रूप हायड्रोजन हिसकावतं. तो रेणू मग शेजारच्याकडून हिसकावतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याकडून. लहानपणी आपण साखळीचा खेळ खेळायचो, ज्याला पकडलं तोही पकडायला लागायचा, तसंच. ई जीवनसत्त्व मध्ये येऊन ही साखळी तोडतं. शरीरात याशिवायही बंदोबस्त असतो. ग्लुटाथायोन असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकणारं कॅटॅलेज असतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज असतं, जे मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना १९६९ मध्ये सापडलं. हिसकावणारे वाढले किंवा बंदोबस्त कमी पडला की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

मेंदूचा इथे संशय येणं अगदी रास्त आहे. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्यात नेमकी लवकर खवट होणारी चरबी भरपूर. शिवाय एडीएचडीत ज्याचं नाव सारखं घेतलं जातं ते डोपामीन पेशीत मोडलं जातं तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. वेडगळ असती तर बरं झालं असतं, मला खोडून काढता आली असती.

मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए, हा चरबी खवट होताना तयार होणारा पदार्थ. वहिनीच्या फोटोतला पहिला बाण त्याचा. तो मोजायची जुनी चाचणी मी स्वतः शेकडो वेळा केली आहे. एमएस्सीचा माझा प्रोजेक्टच त्यावर होता. मुलांवर नाही, मधुमेहाच्या रुग्णांवर. रक्तद्रवात दोन आम्लं घालायची. त्यातल्या थायोबार्बिट्युरिक आम्लाला असा वास येतो की ओढणीलाही तो दोन दिवस राहतो. नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या, थंड करायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या आणि वर आलेला गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. रंग जितका गडद, तितका खवटपणा जास्त. तेलतुपातला खवटपणा मोजायला अन्नप्रयोगशाळांमध्येही हीच चाचणी वापरतात.

प्रोजेक्टमध्ये माझे निकाल सुरुवातीला फार सुंदर आले होते. रुग्णांचा गट गडद गुलाबी, निरोगी गट फिका. मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. मग एका संध्याकाळी वही तपासताना माझ्या लक्षात आलं की रुग्णांचे नमुने ज्या शुक्रवारी गोळा केले, त्या रात्री वीज गेली होती आणि फ्रीझर सकाळपर्यंत बंद होता. निरोगी गटाचे नमुने पुढच्या आठवड्यातले. मी काही अंशी मधुमेह मोजत होते आणि काही अंशी महावितरण. रक्त नळीत उघडं पडलं की तेही खवट होत जातं. तांबड्या पेशी फुटल्या तर रंग बदलतो. साखर, बिलिरुबिन आणि इतरही काही पदार्थ त्या आम्लाशी खेळ करतात. सगळं परत करावं लागलं. दुसऱ्या वेळी फरक उरला, पण पहिल्याच्या निम्मासुद्धा नाही.

हे सगळं मला माहीत होतं. पंगतीत बसतानाही माहीत होतं.

*

त्या रात्री मी पहिल्यांदा पूर्ण पेपर उघडले. पहाटे तीनपर्यंत वाचत होते.

२००६ साली ब्रातिस्लाव्हातल्या संशोधकांनी एडीएचडीच्या ६१ मुलांवर चाचणी केली होती. काही मुलांना फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या पाइनच्या सालीचा अर्क दिला, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. दर किलो वजनाला रोज एक मिलिग्रॅम, चार आठवडे. अर्कवाल्या मुलांचा चळवळेपणा कमी झाला आणि लक्षही सुधारलं. ग्लुटाथायोन मोजलं, तेही सुधारलेलं दिसलं. औषध बंद केल्यावर महिन्याभरात लक्षणं परत आली. हा अभ्यास मला आवडला, अजूनही आवडतो. त्यांनी खेळ नीट मांडला होता. पण ६१ मुलं आणि चार आठवडे. तेवढ्या वेळात सोहमचा एक बूट हरवून सापडतो.

मग २०१५ चा एक आढावा सापडला. त्यात तोवरचे नियमात बसणारे सगळे अभ्यास एकत्र केले होते. सगळे म्हणजे सहा. त्यांनी असं मांडलं होतं की या मुलामाणसांचा अँटिऑक्सिडंट बंदोबस्त इतरांहून वेगळा दिसत नाही. नुकसानीच्या खुणा मात्र जास्त दिसतात. आणि एकाच अभ्यासातली अनेक मोजमापं स्वतंत्र न धरता हिशेब केला, तर तो फरकही खात्रीलायक राहत नाही. लेखकांनी स्वतःच या निष्कर्षांना प्राथमिक म्हटलं होतं. गोषवाऱ्यातही होतं हे. कराडच्या पुढे.

आणि समजा फरक खरा आहे. तरी आधी काय आणि नंतर काय? जो मुलगा रात्री अकरापर्यंत जागा असतो, अर्धा डबा परत आणतो, दिवसभर धावतो, त्याचं रक्त शांत बसलेल्या मुलासारखं का असावं? दमवणाऱ्या व्यायामानेही या खुणा वाढतात. शिवाय रक्त म्हणजे मेंदू नव्हे, दोघांमध्ये चांगला कडक पहारा आहे. एडीएचडी ओळखायला रक्ताची कुठलीही चाचणी नाही. आणि त्या रिपोर्टवर बाणांच्या शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा कोणाची होती? मोठ्या माणसांची की आठ वर्षांच्या मुलांची? वय लिहिलेलंच नव्हतं. एमडीएचा आकडा पद्धतीगणिक बदलतो. मुलांसाठी सगळ्यांनी मान्य केलेली अशी मर्यादाच नाही.

मी वहिनीला लांबलचक मेसेज लिहिला. वाचून पाहिला तर त्यात 'बायस' आणि 'कन्फाउंडिंग' हे शब्द होते. पुसला. 'उद्या बोलू,' एवढंच पाठवलं.

उद्या बोलले नाही. परवाही नाही. लॅबचं ऑडिट होतं, हे खरं आहे. पण ज्या बाईने माझ्या शब्दावर विसंबून रिपोर्ट काढला, तिला 'मी नीट न वाचताच बोलले होते' हे सांगायचं होतं, हेही तितकंच खरं. आठवड्याने तिचाच मेसेज आला. जिथे तपासणी केली त्या क्लिनिकनेच कॅप्सूल दिल्या होत्या. तीन महिन्यांचे ७,२०० रुपये. ई, सी, सेलेनियम, झिंक, द्राक्षाच्या बियांचा अर्क. तासगावची द्राक्षं दारात ढिगाने येतात त्या सांगलीत द्राक्षाच्या बियांचे एवढे पैसे, हा विनोद मी पाठवला. ती हसली नाही.

डिसेंबरात तिने एक लिंक पाठवली. ब्राझीलमधला अभ्यास, तोही २००६ चाच. लहान उंदरांना मेथिलफेनिडेट टोचलं आणि त्यांच्या मेंदूत ऑक्सिडेटिव्ह नुकसान दिसलं. 'म्हणजे डॉक्टर जे देत होते त्याने उलट वाढतं ना हे?' मी पाहिलं. दोन निळ्या खुणा झाल्या. उंदरांना टोचून दिलेलं औषध आणि मुलांना हळूहळू वाढवत तोंडाने दिलेलं औषध यांतला फरक समजावायला फोनच करायला हवा होता. मी लिहिलं, 'उंदीर आणि माणूस वेगळे गं.' त्यावर तिने लिहिलं, 'पण तूच तर म्हणाली होतीस.'

*

फेब्रुवारीत शाळा सुटताना फाटकाबाहेर कोणाचा तरी चेंडू रस्त्यावर गेला आणि सोहम त्याच्यामागे धावला. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून हातावर निभावलं. डावं मनगट मोडलं. दादाने फोन केला. बोलला काहीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. त्या रात्रीच्या बसने मी निघाले.

औषध चालू असतं तर तो धावला नसता, असं मी म्हणू शकत नाही. आठ वर्षांचं कुठलंही पोर चेंडूमागे धावतं. एका मुलाचा कंट्रोल ग्रुप नसतो. हे मी बसमध्ये स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

सोहम प्लास्टर दाखवायला दारातच उभा होता. त्यावर आधीच कोणीतरी डायनोसॉर काढला होता. दुपारी सगळे झोपल्यावर मी वहिनीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. एसटी, कराड, दोन गोषवारे. फ्रीझर बंद पडला ती रात्र. ती शेंगा सोलत होती. मध्येच एक दाणा चावून तिने थुंकला, खवट निघाला असावा. मला त्या क्षणी काही बोलावंसं वाटलं, पण मी तोंड आवरलं.

ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला काय, कळत नव्हतं का? बाण छापून कोण बरं करतंय पोराला."

"मग काढलास कशाला रिपोर्ट?"

बराच वेळ ती सोलत राहिली. मग म्हणाली, "पोटुशी होते तेव्हा मी मोबाईल जास्त बघायचे म्हणून असं झालं, म्हणतात. नोकरी करते म्हणून. चिडते म्हणून. लाड करते म्हणूनही. शाळेच्या डायरीत रोज माझी सही. त्या कागदावर पहिल्यांदा माझं नाव नव्हतं. त्याच्या रक्तात कायतरी होतं. बस."

मी ज्याला खोटा दिलासा म्हणत होते, त्यात खरा दिलासा एवढाच होता. आणि तो देणारी, जास्त भक्कम गोष्ट माझ्याजवळ होती, जी पंगतीत सांगायचं मला सुचलं नव्हतं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीतला सुमारे ७४ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला दिसतो. उंचीच्या जवळपास जाणारा आकडा. उंची कमी राहिली म्हणून कोणी आईच्या नोकरीला बोल लावत नाही.

रात्री जेवताना मी ते सांगितलं, या वेळी आकडा कुठून आला तेही सांगितलं. आई ताट घेऊन उठली. दारात थांबून म्हणाली, "हा तरी काय वेगळा होता?" आणि दादाकडे बघितलं. आमच्या घरात दादाचे किस्से कौतुकाने सांगतात. चौथीत दप्तर नदीकाठी विसरून आला. दहावीच्या परीक्षेला चुकीच्या केंद्रावर गेला. एका वर्षात तीन कॉलेजं बदलली. दादा ताटात बघत म्हणाला, "मला अजून फॉर्म भरता येत नाही पूर्ण. ही भरते." बाबांनी पाणी मागितलं. धपाट्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

*

मार्चमध्ये चिठ्ठी ड्रॉवरमधून बाहेर आली. डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठीवर औषध दिलं नाही. नव्याने वजन, उंची, नाडी, रक्तदाब घेतला. मी वहिनीबरोबर गेले होते, या वेळी वही घेऊन. त्यांनी अमेरिकेतल्या १९९९ च्या मोठ्या चाचणीबद्दल सांगितलं. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चौदा महिने. मुख्य लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. मी विचारलं, "पण तीन वर्षांनी गटांमधला फरक राहिला नव्हता ना?" डॉक्टर हसले. म्हणाले, "हो. म्हणून तर दर तीन महिन्यांनी यायचं. चालतंय का ते बघत राहायचं."

वहिनीने पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी लेबल वाचलं, सेलेनियमच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बंद करायला सांगितलं. अँटिऑक्सिडंट म्हणजे जितके जास्त तितके चांगले, असं नसतं. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली होती. बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच ऑक्सिजनचे आडदांड वापरतात. सगळ्यांना हाकलून चालत नाही. आवळा खायला कोणाची ना नाही, असं मी घरी आईला सांगितलं. तिने मोरावळ्याची बरणी जागची हलवली नव्हतीच.

औषध सुरू झाल्यावर चमत्कार झाला नाही. पहिले दोन आठवडे सोहम दुपारचा डबा जसाच्या तसा परत आणायचा, आणि वहिनी मला त्याचा फोटो पाठवायची. आता सकाळी आधी नाश्ता, मग गोळी, आणि रात्री त्याला भूक लागते तेव्हा कितीही वाजले तरी पोळी. वजनाचा तक्ता फ्रीजवर लावला आहे. बाईंनी डायरीत लिहिलं, 'आज पूर्ण धडा उतरवला.' बाटल्या अजून हरवतात.

मेमध्ये मी सुट्टी काढून गेले. सोहमला बटाटा किसून एका ग्लासात घातला आणि मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यावर ओतलं. पांढरा फेस भसाभसा वर आला. बटाट्यातल्या कॅटॅलेजचं काम. "हे माझ्यात पण आहे?" त्याने विचारलं. आहे म्हटलं. "कमी आहे ना? मम्मी फोनवर म्हणत होती."

"नाही," मी म्हणाले. "तसं कोणी नीट मोजलेलंच नाही."

तो फेस खाली बसेपर्यंत बघत राहिला. मग कोपर लागून ग्लास पडला आणि फरशी पुसायला आम्ही दोघं बसलो.

संध्याकाळी वहिनीने त्याची फाईल माझ्याकडे दिली, तारखेप्रमाणे लावून ठेव म्हणून. डॉक्टरांचे कागद, शाळेचे फॉर्म, मनगटाचा एक्स-रे. सगळ्यात वर, प्लास्टिकच्या वेगळ्या कव्हरात, तीन लाल बाणांचा तो रिपोर्ट होता. तारखेप्रमाणे तो मध्ये जायला हवा होता. बाकीचे कागद मी लावले. तो होता तिथेच ठेवला.